‘ही आमची सोनू न्हय’

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांत पूर्वापरविरोध शोधीत बसणे हा निरुद्योगी माणसांचा उद्योग होय, असे आमचे एक विद्वान स्नेही परवा सहज बोलून गेले. ज्याला हसावयाचे असेल त्याने हसावे, आणि ज्याला हिशेब तपासण्याची हौस असेल त्याने आपल्या देवस्थानचा जमाखर्च तपासावा, असे त्यांचे म्हणणे. या उपदेशाचा उत्तरार्ध आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. पूर्वार्ध मात्र मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

भोपाळ शहरात रायसेन रस्त्याच्या बाजूस सोनागिरी नावाची वसाहत आहे. पिपलानीच्या आसपासचा हा सारा भाग १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे भरभराटीस आला. त्या कारखान्यात नोकरीस लागलेल्या यजमानांबरोबर आमच्या आत्याबाई फोंड्याकडून इतक्या दूर आल्या आणि येथल्याच झाल्या. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दिवेलागणीस देवापुढे निरांजन, मग रामरक्षा, मग हलके जेवण, आणि रात्री साडेआठ वाजता ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. घरात बोलणे मराठीत चालते, बाहेर हिंदीत. मात्र आत्याबाई रागावल्या किंवा गहिवरल्या की त्यांच्या तोंडून कोकणीच बाहेर पडते.

२०२४ साली एका रात्री त्या पडद्याकडे निरखून पाहत असता एकाएकी म्हणाल्या, “ही आमची सोनू न्हय रे.”

घरात हशा पिकला. नातू म्हणाला, “अगं आजी, सोनूच आहे ती! भिडे मास्तर तिला ‘सोनू’ म्हणूनच हाक मारताहेत, ऐक की.” त्याआधी काही दिवस आत्याबाईंच्या हातून कपाटाची किल्ली हरवली होती, आणि पुतण्याला त्यांनी एकदोनदा त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली होती. त्यामुळे घरात डोळ्यांची खाणाखूण झाली. हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे लपविण्यात अर्थ नाही. आत्याबाई गप्प झाल्या. पुढे आठवडाभर त्या मालिका पाहत, पण तिच्याविषयी बोलत नसत. शेवटी नातवाने कुतूहलाने मोबाईलवर शोध घेतला तेव्हा कळले की आत्याबाई बरोबर होत्या आणि आम्ही सारे चूक होतो. मुलगी खरोखरच बदलली होती. हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी बोटे मोडून मोजले आणि म्हणाल्या, “ही चौथी.” त्याही बाबतीत त्या बरोबर होत्या. झील मेहता, निधी भानुशाली, पलक सिधवानी आणि खुशी माळी अशा चौघींनी आजवर ही एकच भूमिका केली आहे.

ज्या घरात ही मुलगी वाढली तेथे भिडे मास्तर आरंभापासून मंदार चांदवडकर आहेत आणि माधवी सोनालिका जोशी. आईबाप तेच, सखाराम नावाची स्कूटर तीच, माधवीचा लोणच्या-पापडांचा उद्योगही तोच. मुलगी तेवढी तीन वेळा बदलली, आणि जन्मदात्यांना त्याची वार्ताही नाही! ती वार्ता सोनागिरीतील एका वृद्धेला होती, आणि तिला आम्ही वेड्यात काढले. हा दोष आमचा, आणि तो आम्ही मालिकेच्या माथी मारू इच्छीत नाही. पण ज्या कथेत कोणालाच काही आठवत नाही, ती रोज पाहता पाहता आठवण ठेवणाराच वेडा ठरू लागतो. आमची तक्रार आहे ती एवढीच.

ही मालिका म्हणजे काही क्षुद्र प्रकरण नव्हे. तिचे मूळ तारक मेहता यांच्या ‘दुनिया ने ऊंधा चश्मा’ या सदरात आहे. ते ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ पासून येऊ लागले. त्यावरून रचलेली मालिका २८ जुलै २००८ रोजी सुरू झाली, आणि २०२४ च्या आरंभी तिने चार हजार भागांचा टप्पा गाठला. एवढे भाग तर आमच्या कोणत्याही हरिदासबुवांनी उभ्या जन्मात रंगविले नसतील. गोरेगावातील गोकुळधाम सोसायटीत गुजराती, मराठी, पंजाबी, तमिळ, बंगाली, बिहारी आणि भोपाळची अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात. होय, भोपाळचीसुद्धा. पत्रकार पोपटलाल हा भोपाळचाच असल्यामुळे आमच्या वसाहतीस या मालिकेविषयी थोडे अधिक ममत्व आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आमच्या मुलांना तर मराठी गृहस्थ रोज भेटतो तो या एका भिडे मास्तरांच्याच रूपाने. म्हणून या कथेचे धागे कोण कसे जोडतो व तोडतो, याची चौकशी आम्ही न करावी तर कोणी करावी?

प्रथम लहान चुका बाजूस काढतो, कारण त्यांवर रुसण्याइतके आम्ही अरसिक नाही. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नाही. एका घरातील सगळे प्रसंग एकत्र उरकून घेतात, अंगणातील दुसऱ्या दिवशी घेतात, आणि मग ते जुळवितात. समजा, माधवी घरातून निघताना बरणी उजव्या हातात असेल आणि अंगणात पाऊल टाकताच ती डाव्या हातात आली, तर मधल्या उंबरठ्यावर प्रत्यक्षात कित्येक तास अथवा दिवस गेलेले असतात. कपाळावरची टिकली, पेल्यातील चहा, भिंतीवरचे घड्याळ या सर्वांची नोंद ठेवणारा एक माणूस चित्रीकरणस्थळी वहीत टिपणे करीत व छायाचित्रे घेत बसलेला असतो. आठवड्यातून पाच-सहा भाग द्यावयाचे म्हटल्यावर त्या बिचाऱ्याच्या नजरेतून बरणी निसटली, तर निसटो. बरणीपायी कोणाचे काही बुडत नाही.

नट बदलणे हाही आमच्या मते अपराध नव्हे. माणसे आजारी पडतात, संसारास लागतात, शिक्षणास जातात, मालकाशी पटले नाही तर निघून जातात. काही तर हे जगच सोडून जातात. डॉक्टर हाथींची भूमिका करणारे कवी कुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजी गेले. नट्टूकाकांची भूमिका करणारे घनश्याम नायक ३ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले. त्यांच्या जागी दुसरे आले ते येणारच होते. ‘संगीत सौभद्र’ नाटकात १८८२ पासून किती कृष्ण आणि किती सुभद्रा झाल्या, याची गणती कोणी करावी? परंतु नाटकाचा प्रत्येक प्रयोग नवा असतो. त्याची जाहिरात निघते, तीत नटाचे नाव असते, आणि प्रेक्षक ते वाचून तिकीट काढतो. मालिकेचे तसे नाही. तिचा चार हजारावा भाग हा पहिल्याच भागाचा पुढचा श्वास असतो, आणि त्याच भरवशावर ती रोज आमच्या घरात येते.

२०२२ मध्ये तर स्वतः तारक मेहताच बदलले. शैलेश लोढा गेले आणि सचिन श्रॉफ आले. तारक मेहता हे गोकुळधामातील एक बिऱ्हाडकरू तर आहेतच, पण ते या कथेचे निवेदकही आहेत. उत्तररंग ऐन भरात असता बुवांनी वीणा खाली ठेवून मागच्या दाराने निघून जावे, दुसऱ्या बुवांनी तीच पगडी घालून त्याच ओवीपासून पुढे चालू करावे, आणि मृदंगवाल्याने मानही वर करू नये, असा प्रकार आपल्या देवळात घडला तर काय होईल? पहिल्या रांगेतील म्हाताऱ्या कीर्तन थांबवतील. त्यांना राग येतो म्हणून नव्हे. त्या कथा जपणाऱ्या असतात म्हणून. बुवांनी मागल्या एकादशीस सुदाम्याच्या पोह्यांविषयी काय सांगितले होते हे बुवा विसरतील, पण त्या विसरत नाहीत. कित्येक कथा आपल्यापर्यंत शुद्ध पोहोचल्या त्या सांगणाऱ्यांपेक्षा या ऐकणाऱ्यांच्या बळावर.

येथे आमचे विद्वान स्नेही हटकून हसतील आणि म्हणतील, “तुमच्या पुराणांत काय कमी विरोध आहेत? एकीकडे गणपतीची उत्पत्ती एक प्रकारे, दुसरीकडे दुसऱ्या प्रकारे. तेथे नाही तुम्ही बोट ठेवीत!” हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण आमच्या म्हणण्यास खरा आधार मिळतो तो त्यातच. आपल्या टीकाकारांनी हे विरोध पाहिले नाहीत असे नाही. त्यांनी ते पाहिले, मोजले आणि त्यांना नाव दिले. त्या नावाला कल्पभेद म्हणतात: ही कथा एका कल्पातील, ती दुसऱ्या कल्पातील. हा युक्तिवाद कोणास पटो वा न पटो, त्यात एक सभ्यता आहे. श्रोत्याला विरोध दिसला आहे हे त्यात प्रांजळपणे कबूल केलेले असते. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखिते पडताळली. १९१९ साली आरंभलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या आवृत्तीत न जुळणारे पाठ कोणी गिळून टाकले नाहीत. ते पानाच्या तळाशी छापले, वाचणाऱ्याने वाचावे म्हणून. गोकुळधामात ना कल्प बदलतो, ना पानाला तळ आहे.

दुसरा आक्षेप असा की, विनोदात काळ थांबलेलाच असावयाचा. पोपटलाल छत्री घेऊन वधू शोधीत होता आणि वर्षानुवर्षे शोधीतच राहिला. त्यात चूक ती काय? काहीच नाही. तो संकेत आहे आणि आम्हांस तो मान्य आहे. पण ज्या अंगणात पोपटलालचे वय थांबते त्याच अंगणात टप्पू शाळकरी मुलाचा महाविद्यालयीन तरुण होतो, आणि तेवढ्या अवधीत त्याचेही तीन चेहरे होतात. भव्य गांधी, मग २०१७ पासून राज अनादकट, मग २०२३ पासून नीतीश भलूनी. काळ थांबवावयाचा असेल तर सर्वांसाठी थांबवा, चालवावयाचा असेल तर सर्वांसाठी चालवा. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे पाहा. त्याचे लग्न होते, मोरू-मैना होतात, संसाराचा पसारा वाढतो, आणि हसणे त्याबरोबरच वाढत जाते. पुढे दूरदर्शनवर चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकरच ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत आबा टिपरे झाले. २००१ मध्ये सुरू झालेली ती मालिका २००५ पर्यंत चालली आणि योग्य वेळी आटोपली. सांगून झाले की थांबावे, ही कला मराठी मंडळींना एकेकाळी अवगत होती. असो.

आता दयाबेनकडे वळू. २०१७ मध्ये दिशा वाकाणी बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि त्यांनी तसे करण्यात काही गैर नव्हते. कथेत दया अहमदाबादला माहेरी गेली. त्या आईकडे, जिचे मुख मालिकेने कधी दाखविलेलेच नाही. माहेरवाशीण चार दिवस राहते, चार महिने राहते. येथे वर्षांमागून वर्षे गेली. एखाददुसरे ओझरते दर्शन सोडले तर नवरा, मुलगा आणि सासरा तिच्याविना दिवाळ्या करीत राहिले. मधूनमधून ‘येणार, येणार’ अशी आवई उठवावयाची, पाटरांगोळी काढावयाची, आणि दारात कोणीच उभे नसावयाचे. २०२३ च्या अखेरीस असाच घाट घातला गेला तेव्हा प्रेक्षक इतके चिडले की, मालिकेवर बहिष्कार घालण्याची भाषा सुरू झाली. अतिथी येणार म्हणून नैवेद्य वाढून ठेवावा आणि यजमानानेच तो झाकून आत न्यावा, असा हा प्रकार. याला केवळ विसरभोळेपणा म्हणता येत नाही. प्रेक्षकाला आठवते हे येथे पक्के ठाऊक आहे, आणि त्या आठवणीवरच धंदा चालतो. सोनूच्या वेळी प्रेक्षकाने विसरावे, दयेच्या वेळी त्याने आठवण ठेवावी! दोन्हीकडून सोय मालकाची.

यावर कोणी म्हणेल की, चूक दाखवून दिली तर हे लोक सुधारतात. उगाच आरोप करू नका. सुधारतात, हे खरे आहे. पण कोठे सुधारतात ते पाहू. २०२० च्या मार्चच्या आरंभी मालिकेतील चंपकलालांच्या तोंडी असे वाक्य आले की, मुंबईची भाषा हिंदी असल्यामुळे सोसायटीच्या फळ्यावर सुविचार हिंदीतच लिहावा. यावर महाराष्ट्र नवनिर्माण चित्रपट सेनेचे अमेय खोपकर यांनी हरकत घेतली, आणि निर्माते असितकुमार मोदी यांनी लागलीच दिलगिरी व्यक्त केली. महाराष्ट्राची व मुंबईची भाषा मराठी आहे, हे त्यांनी मान्य केले. चांगले झाले. पण आमच्या दृष्टीने ती चूक मुंबईच्या भाषेविषयीची होती तितकीच पूर्वापरसंबंधाचीही होती. ज्या सोसायटीचा चिटणीस बारा वर्षे एक मराठी शिक्षक आहे, तेथल्या फळ्यावर कोणती भाषा असावी हा प्रश्न लिहिणाराला पडतो, तो भिडे मास्तर त्याच्या ध्यानात नसतात म्हणूनच. मागील भागांची आठवण शाबूत असती तर बाहेरच्या कोणाला येऊन दटावावे लागले नसते.

दुसरा प्रसंग २०२२ च्या एप्रिलातील. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत १९६५ चे असल्याचे एका भागात सांगण्यात आले. ते १९६३ चे आहे. कवी प्रदीप आमच्या मध्य प्रदेशातील बडनगरचे, संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे चितळकर, आणि गाणाऱ्या लताबाई जन्माने इंदूरच्या व नावाने मंगेशीच्या. त्यांना जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. १९६२ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी रचलेले गीत १९६५ ला ढकलले की त्याचे युद्धच बदलते. याही बाबतीत मालिकेने चटकन जाहीर क्षमा मागितली आणि बरोबर साल सांगितले.

तेव्हा क्षमा कशी मागतात हे त्यांना येते, आणि चूक कशी दुरुस्त करतात हेही येते. दोन्ही वेळा ते तत्परतेने केले गेले, कारण एके ठिकाणी पक्ष जागा होता आणि दुसऱ्या ठिकाणी साऱ्या राष्ट्राला पाठ असलेले गाणे होते. सोनागिरीतल्या आत्याबाईंच्या पाठीशी पक्ष नाही. चार हजार भाग ज्यांनी एकनिष्ठपणे पाहिले त्यांच्या स्मरणशक्तीचा अपमान झाला तर क्षमापत्र निघत नाही. हा भेद आम्हांस असह्य वाटतो. मालिका विस्मरणशील असती तर आम्ही तिची कीव केली असती. तिचे स्मरण आणि विस्मरण समोरच्या माणसाच्या वजनावर ठरते, हे आमच्या रागाचे कारण आहे.

हे अटळ नाही, म्हणून तर राग येतो. अमेरिकेतील एक उदाहरण घ्या. ‘चीअर्स’ या विनोदी मालिकेत फ्रेझर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आपले वडील वारले असल्याचे सांगितले होते. १९९३ मध्ये त्याच पात्रावर ‘फ्रेझर’ ही नवी मालिका निघाली, आणि तीत त्याचे वडील धडधाकट जिवंत! चूक ढोबळ होती. १९९५ मधील एका भागात जुन्या मालिकेतील मित्र भेटावयास येतो आणि तोंडावर विचारतो, “तुझे वडील तर वारले होते ना?” फ्रेझर ओशाळून कबूल करतो की, त्या वेळी बापलेकांचे भांडण झाले होते, म्हणून रागाच्या भरात आपण तसे बोललो. एका प्रश्नात आणि एका उत्तरात चूक मिटली. शिवाय बापलेकांच्या नात्याला एक नवा पदर मिळाला आणि हशाही मिळाला. ‘सेसमी स्ट्रीट’ या बालमालिकेने तर याहून अवघड गोष्ट केली. तीत दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात वारले. निर्मात्यांनी दुसरा हूपर आणला नाही. १९८३ च्या नोव्हेंबरात मुलांना कथेतूनच सांगितले की, हूपर आता नाहीत आणि ते परत येणार नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलांना जे सत्य झेपते ते आमच्या घराघरांतल्या आजी-आजोबांना झेपणार नाही, असे कोणी ठरविले?

आम्ही फार मागत नाही. नवा चेहरा आला त्या रात्री माधवीने ओसरीवर पापड वाळत घालता घालता एवढेच म्हणावे, “बाई गं, शिकायला गेलीस आणि ओळखू येईनाशी होऊन आलीस!” जेठालालने एकदा तरी चंपकलालांसमोर उघड बोलावे की, बापूजी, दया येणार नाही, आता आपण तिघांनीच सण करायचे. असे झाले तर विनोद बुडेल असे ज्यांना वाटते, त्यांचा आपल्या विनोदावर फारसा विश्वास दिसत नाही.

आत्याबाईंनी मालिका सोडलेली नाही. साडेआठ वाजले की त्या आजही आपल्या खुर्चीत बसतात. मात्र आता नवे माणूस दिसले की त्या मोठ्याने काही बोलत नाहीत. नातवाकडे पाहतात, आणि तो मोबाईलवर पाहून हळूच सांगतो, “हो आजी, बदललाय.” मग त्या समाधानाने मान हलवितात, आणि त्याला आणखी एकदा विचारतात, “आनी दया? तिचें कितें बरयलां?”